कोरियन कादंबऱ्या वाचता वाचता नाशिकला पोचले

सुरुवात लेकीमुळे झाली. लॉकडाऊनचं वर्ष, ती बारावीत, आणि घरातला टीव्ही कायमचा कोरियात. आजच्या काळातल्या प्रेमाच्या मालिका मला काही झेपल्या नाहीत. सगळ्यांचे केस एकसारखे, आणि पाऊस सुरू झाला की नायक छत्री घेऊन हजर. पण एका रात्री तिने राजेरजवाड्यांची मालिका लावली. या प्रकाराला तिकडे 'सागुक' म्हणतात. दरबार भरलेला, प्रधान एकमेकांवर दात धरून बसलेले, आणि कोपऱ्यात एक जण मान खाली घालून सारखा लिहितोय. मी विचारलं, हा कोण?

"अगं, तो इतिहास लिहिणारा. राजा जे बोलेल ते उतरवून घेतो. आणि ते राजालासुद्धा वाचायला मिळत नाही."

मला काही हे खरं वाटेना. दुसऱ्या दिवशी शोधलं, तर खरंच तसं. जोसॉन घराण्याचं राज्य १३९२ पासून १९१० पर्यंत चाललं. राजा वारला की त्याच्या कारकिर्दीचं इतिवृत्त रचायचं, अशी तिथली पद्धत. त्याला म्हणतात 'शिल्लोक', आणि ती बाडं आजही शाबूत आहेत. त्यात १४०४ सालची एक नोंद सापडली. तेजोंग राजा शिकारीत घोड्यावरून पडला. उठला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, हे त्या इतिहासकाराला कळू देऊ नका. राजा पडला हे तर लिहिलंच आहे, कळू देऊ नका म्हणाला हेही लिहिलंय! मी एकटीच बसून हसले. आपल्या बखरी आठवल्या. त्यांत धन्याचा घोडा साधा ठेचकाळतही नाही.

मालिकांचा मात्र लवकरच कंटाळा आला. सगळं राजवाड्यात. विष, कट, दासी, पुन्हा विष. मला ज्या शंका यायच्या त्या भलत्याच असायच्या: त्या दासीला रोज जेवायला काय मिळत असेल? तिचं गाव कुठलं? लेक वैतागून म्हणाली, "मग तू पुस्तकं वाच ना."

मी विम्याच्या ऑफिसात नोकरी करते. शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी कामापुरतं. कोरियन ऐतिहासिक कादंबऱ्या वाचायच्या तर इंग्रजीतूनच, म्हणजे रात्री जेवणं आटपल्यावर दहा पानं, हातात पेन्सिल, शेजारी लेकीची अर्धी कोरी राहिलेली फिजिक्सची वही. पहिलं पुस्तक घेतलं ते मिन जिन ली यांचं 'पाचिंको'. लेखिका कोरियन वंशाची, राहणारी अमेरिकेत, आणि कादंबरी मुळात इंग्रजीतच लिहिलेली, २०१७ साली आलेली. कोरियातले जाणकार कदाचित याला कोरियन कादंबरी म्हणणारही नाहीत. माझी सुरुवात तिथूनच झाली, त्याला इलाज नाही.

पहिली शंभर पानं मी चाचपडतच वाचली. बुसानजवळचं यंगदो बेट, तिथली एक खाणावळ, मच्छीमार भाडेकरू, विधवा आई आणि तिची मुलगी सुनजा. सुनजाच्या होणाऱ्या नवऱ्याचं नाव इसाक आणि त्याच्या भावाचं योसेब. ही बायबलातली नावं आहेत हे माझ्या लक्षात यायला दोन दिवस गेले. मग एका ठिकाणी मी थांबले ते थांबलेच.

काळ १९३०च्या दशकातला. कोरियावर जपानचं राज्य येऊन वीसेक वर्षं झालेली. सुनजाचं लग्न घाईघाईत लागतंय आणि नवराबायको लगेच ओसाकाला निघणार आहेत. तिची आई तांदळाच्या दुकानात जाते. तिला पांढरा तांदूळ हवाय, तोही फक्त मुलगी-जावयाच्या पानापुरता. दुकानदार आधी नाही म्हणतो. चांगला तांदूळ जपानी गिऱ्हाइकांसाठी ठेवायचा, ते जास्त पैसे देतात. बाई अजिजी करते. मुलगी परक्या मुलखात निघालीय, जाण्याआधी आपल्या मातीतला भात तिच्या तोंडात पडावा, एवढंच. शेवटी दुकानदार आत जाऊन तांदूळ आणतो, आणि मागितल्यापेक्षा थोडा जास्तच घालतो. तूपण खा, म्हणतो.

तिथलं माप 'हॉप'. साधारण १८० मिलिलिटरचं, म्हणजे आपल्या चिपट्या-मापट्याच्याच जातीतलं.

माझं माहेर माण तालुक्यातलं, साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं. आमच्याकडे भात म्हणजे सण. एरवी जोंधळ्याची नाहीतर बाजरीची भाकरी. आजी सांगायची, भाताचा वास घरातून बाहेर गेला की शेजारीण दारातूनच विचारायची, "कोण आलंय गं?" कारण भात पाहुण्यासाठी शिजायचा, नाहीतर आजाऱ्यासाठी. माझ्या आत्याच्या लग्नानंतर ती पहिल्यांदा सासरी निघाली तेव्हा आजीने मूठभर तांदूळ उसने आणून तिला दहीभात कालवला होता. हे मी आजीकडून दहा वेळा तरी ऐकलं असेल, आणि दर वेळी मनात म्हटलं असेल, एवढं काय त्यात. त्या रात्री मी पुस्तक पालथं घातलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच तांदळाचा डबा उघडून बघितला.

नंतर आणखी वाचलं तेव्हा कळलं की दुकानातला तो प्रसंग लेखिकेने हवेतून काढलेला नाही. त्या काळात कोरियात भात पिकायचा, पण बोटी भरभरून जपानला जायचा. कोरियन माणसाच्या वाट्याला येणारा तांदूळ कमी कमी होत गेला आणि मांचुरियातून आणलेल्या भरड धान्यावर त्याने पोट भरलं. आपल्याकडे बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी अमेरिकेचा लाल मिलो खाल्ला, त्याच्या चवीची आठवण आमच्या घरातले अजून काढतात. पण आमचं पाऊस न पडल्यामुळे झालं होतं. त्यांच्याकडे पाऊस पडत होता.

'पाचिंको' संपायला अडीच महिने लागले. वहीत मागच्या पानावर मी एक वंशावळ काढली होती, नाहीतर कोण कुणाचं काही कळत नव्हतं. ती बघून लेक म्हणाली, "आई, तू तर जोकबो बनवलास." हा शब्द तिला मालिकांतून ठाऊक. जोकबो म्हणजे कुळाचं पुस्तक. पिढ्यान् पिढ्यांची नावं, कोण कुठल्या घराण्यातला, मूळ गाव कुठलं. किम, ली, पाक अशी आडनावं लाखोंनी आहेत, म्हणून नुसतं आडनाव सांगून भागत नाही, मूळ गावासकट सांगावं लागतं. आपण 'कुठले पाटील?' विचारतो, तसंच.

या जोकबोच्या मागे मी बरीच लागले, आणि तिथे एक गोष्ट माझ्या डोक्यात जी घुसली ती निघेना. तिकडे बाई लग्न झाल्यावर आडनाव बदलत नाही. हे ऐकून मी आधी खूश झाले होते. पण जुन्या जोकबोत बघावं तर सुनेचं नाव नाही, फक्त तिच्या बापाच्या कुळाचं आडनाव आणि गाव. आणि मुलीच्या जागी मुलीचंही नाव नाही, तिथे जावयाचं नाव! म्हणजे त्यांच्या बाईचं आडनाव राहिलं आणि नाव गेलं. आमच्या बाईचं आडनाव तर गेलंच, लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहून पहिलं नावही पुसलं. कुणाचं बरं म्हणायचं?

सुनजाच्या आईला कादंबरीत नाव आहे, यांगजिन. त्या बाईला नाव मिळावं म्हणून कादंबरी लिहावी लागली, असं तेव्हा वाटलं, आणि मी वहीत त्याखाली दोन रेघा मारल्या. आता ते वाक्य जरा भाबडं वाटतं, पण रेघा आहेत.

दुसरं पुस्तक किम यंग-हा यांचं, 'ब्लॅक फ्लॉवर'. मूळ कोरियन २००३चं. हे वाचायला सोपं नाही, कारण माणसं फार आणि कुणाच्याही प्रेमात पडावं अशी सोय लेखक ठेवत नाही. पण यातली गोष्ट घडलेली आहे. १९०५च्या एप्रिलमध्ये जेमुल्पो बंदरातून, म्हणजे आजच्या इंचॉनमधून, 'इलफोर्ड' नावाचं इंग्रजी जहाज १,०३३ कोरियन माणसांना घेऊन मेक्सिकोला निघालं. चार वर्षांचा करार. काम शेतातलं आहे, पैसा चांगला आहे, असं सांगून नेलेली माणसं. कादंबरीत त्या जहाजाच्या पोटात राजघराण्याशी नातं सांगणारं कुटुंब आहे, नोकरी गेलेले शिपाई आहेत, चोर आहे, पाद्री आहे. सोवळंओवळं पहिल्या वादळातच संपतं, सगळे एकमेकांच्या ओकारीत लोळतात.

मेक्सिकोतल्या युकातानला पोचल्यावर त्यांना जे पीक कापायला लावलं त्याचं इंग्रजी नाव मी शब्दकोशात शोधलं. काही बोध होईना. मग फोनवर फोटो काढून बघितला आणि ओरडलेच, "अगं हे तर केकताड!"

पुस्तकी मराठीत घायपात. आमच्या शिवारात प्रत्येक बांधावर होतं. जाड, निळसर हिरवी पाती, कडेला दाते, टोकाला दाभणासारखा काटा. गुरं शिरू नयेत म्हणून लावायचे. पाती कुजवून, बडवून त्याचा वाख काढायचा आणि वाखाचे दोर वळायचे. बैलाचा कासरा त्याचा, विहिरीचं चऱ्हाट त्याचं. लहानपणी चेंडू काढायला त्यात हात घातला होता, तर पाती मनगटावर अशी ओढली गेली की आठवडाभर आग होत होती. रस लागला की नुसती खाज. आणि ही माणसं ती पाती दिवसाला किती, याचा हिशेब देऊन, उन्हात, सवय नसलेल्या हातांनी कापत होती. युकातानचं ते केकताड आपल्या बांधावरच्याचं चुलतभावंड आहे, अगदी तेच नव्हे. पण काट्याला एवढा फरक कळत नसावा.

गिरमिट, म्हणजे करारावरची मजुरी, हा शब्द आपल्याला नवा नाही. मराठी मुलखातूनही माणसं करार करून मॉरिशसला गेली आणि त्यांची पतवंडं आज तिथे मराठी म्हणवतात. पण 'ब्लॅक फ्लॉवर'मधल्या माणसांचं एक वेगळंच झालं. १९०९ मध्ये करार संपला, आणि १९१० मध्ये जपानने कोरिया गिळला. परत जायचं ते कुठल्या देशात? त्यातले काही जण पुढे ग्वाटेमालाच्या लढाईत भाडोत्री शिपाई होतात आणि जंगलातल्या पडक्या देवळांत स्वतःचा एक चिमूटभर देश घोषित करतात. तो भाग मी दोनदा वाचला. हसावं की काय करावं ते कळेना.

मधे हान कांग यांचं ग्वांगजूवरचं पुस्तक आणलं, नोबेलची बातमी आली त्या आठवड्यात. १९८०च्या मे महिन्यात लष्कराने ग्वांगजू शहरात लोकांवर गोळ्या झाडल्या, त्याची गोष्ट. पहिल्याच प्रकरणात एक शाळकरी पोरगा हॉलमध्ये रांगेने ठेवलेल्या प्रेतांची नोंद ठेवतोय. नातेवाईक प्रेतांवर राष्ट्रध्वज पांघरतात आणि तो विचारतो, ज्यांना सैन्याने मारलं त्यांच्यावर देशाचा झेंडा कशाला? दुसरं प्रकरण अर्ध्यात सोडलं. अजून पूर्ण केलेलं नाही. कपाटात आहे.

मग छे इन-हुन यांची 'ग्वांगजांग' हाती आली. १९६०ची, इंग्रजीत 'द स्क्वेअर'. ग्वांगजांग म्हणजे चौक, आणि त्याच्या उलट मिलशिल, म्हणजे आतली बंद खोली. मराठीत सांगायचं तर चव्हाटा आणि माजघर. नायक ली म्यंग-जुन आधी दक्षिणेत राहतो, तिथे सगळ्यांची माजघरंच आहेत, चव्हाटा नाही. मग उत्तरेत पळून जातो, तिथे नुसता चव्हाटा, माजघर नाही. युद्ध होतं, तो कैदी होतो. शेवटी दोन्ही बाजूंचे लोक त्याला समोर बसवून विचारतात, आमच्याकडे येतोस? तो एकच उत्तर देत राहतो: तटस्थ देश. आणि त्याला घेऊन जहाज निघतं ते भारताकडे. जहाजाचं नाव 'टागोर'.

मी खुर्चीत सरळ बसले. भारताकडे?

शाळेत कोरियन युद्ध एका ओळीत संपलं होतं. खरी हकिकत अशी की १९५३च्या युद्धबंदीनंतर, ज्या कैद्यांना आपल्या देशात परत जायचं नव्हतं अशा सुमारे २२ हजार जणांवर देखरेख ठेवायला भारताचं सैन्य गेलं होतं, सहा हजारांच्या आसपास जवान. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी आमच्या भूमीवर भारतीय सैनिकाचा पाय नको म्हणून सांगितलं, म्हणून बोटीवरून हेलिकॉप्टरने सगळ्यांना थेट दोन्ही कोरियांमधल्या मोकळ्या पट्ट्यात उतरवलं. तिथल्या छावणीचं नाव हिंदनगर. आणि त्या दलाचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात, आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावचे! कैद्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाच्या आत धरून ठेवलं तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि त्याला सोडवून आणलं. वडगाव माझ्या ऑफिसच्या फिरतीच्या वाटेवर आहे. दोनशे वेळा तरी तिथून गेले असेन, चहासुद्धा प्यायलाय.

अठ्ठ्याऐंशी कैदी खरोखरच दोन्ही बाजूंना नको म्हणत १९५४च्या फेब्रुवारीत मद्रासला उतरले. पुढे बरेच जण ब्राझील-अर्जेंटिनाला गेले, काही थोडे इथेच राहिले. कादंबरीतला म्यंग-जुन मात्र भारतात पोचत नाही. एका सकाळी जहाजावर एक माणूस कमी असतो.

ते पुस्तक मिटल्यावर मला पहिल्यांदा चीड आली ती स्वतःची. यंगदोच्या बाईने कुठल्या मापाने तांदूळ आणला ते मला पाठ. युकातानचं जहाज किती माणसांचं होतं ते पाठ. आणि माझ्या पणजोबांचं नाव काय, तर बंडोबा की धोंडिबा, इथपासून घोळ. आत्याला फोन केला. ती शहाऐंशीची. म्हणाली, "नाशकात आपले उपाध्ये हायत की. त्यांच्या वहीत असंल."

गेल्या फेब्रुवारीत लेकीला घेऊन नाशिकला गेले. पंचवटीत गाव आणि आडनाव सांगत दोन घरं फिरलो, तिसऱ्या घरी वही निघाली. लांबट, कापडी बांधणीची, कडा कातडीसारख्या मऊ झालेल्या. आमच्या गावाचं पान गुरुजींनी पाच मिनिटांत काढलं. आणि मला त्यातलं एक अक्षर वाचता येईना. सगळं मोडीत. शिल्लोक जुन्या चिनी लिपीत असल्यामुळे आजच्या कोरियन माणसाला मूळ वाचता येत नाही, हे वाचून मी वर्षभरापूर्वी चुकचुकले होते. लेक तेच आठवून माझ्याकडे बघून हसत होती.

गुरुजींनी बोट फिरवत वाचलं. शके १८४०. पणजोबा धोंडिबा, सोबत धाकटा भाऊ. कारण अस्थी. कुणाच्या? "भार्या सगुणा."

माझ्या पणजीचं नाव सगुणा नव्हतं. पणजी काशीबाई, तिचा फोटो आहे आमच्याकडे, आत्याने तिला पाहिलेलं आहे. तिथूनच आत्याला फोन लावला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हंजे आधीची एक हुती वाटतं. कुनी बोललं न्हाई कदी." शके १८४० म्हणजे १९१८-१९, मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीचं साल. साथीतच गेली असेल, असं आत्या म्हणाली. वहीत तसं काही नाही. पोर होतं का, वय काय, गाव कुठलं, काही नाही. आणि सगुणा हे तरी आईबापांनी ठेवलेलं नाव की सासरी बदललेलं, तेही नाही.

मी पर्समधून फिजिक्सची वही काढली. सुनजाच्या वंशावळीच्या खाली जागा होती, तिथे लिहून घेतलं. सगुणा. पुढे कंस केला, त्यात काय घालायचं ते न कळून तो तसाच ठेवला.

गुरुजींनी त्यांची वही माझ्यापुढे सरकवली. आलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने नोंद करायची असते. मग नाव विचारलं आणि थबकले. "म्हणजे ताई, तुमचं सासरच्या वहीत येईल. हे माहेरचं पान."

म्हटलं, इथेच लिहिते.

त्यांनी खांदे उडवले. मी लग्नाआधीचं नाव लिहिलं, वडिलांचं, आडनाव, मग लग्नानंतरचं नाव, नवऱ्याचं, आडनाव, मग लेकीचं. ओळ कडेपर्यंत गेली. गुरुजी चष्म्यावरून बघत म्हणाले, "एवढं मावणार नाही, खालच्या ओळीत घ्या."